हाताला बसणारं पिस्तूल

"हे जड आहे," टेसा म्हणाली आणि दुसरं पिस्तूलही तिनं हिरव्या चटईवर ठेवलं.

"जड आहे म्हणूनच उडत नाही," काउंटरपलीकडून लाईल म्हणाला. "अंगावर वागवायचं असेल तर छोटं बघा. घरात ठेवायचं तर पूर्ण आकाराचंच बरं. पंजाभर मूठ मिळते, लांब नळी मिळते आणि निम्मा दणका पिस्तूलच खातं."

तिचा हा तिसरा बुधवार होता. मोंटानातल्या त्या गावात बंदुकांचं दुकान एकच. मागे नेमबाजीची लांबट खोली. भाड्यानं दोन-तीन पिस्तुलं घ्यायची, झाडून बघायची, मग काय ते ठरवायचं. टेसा लिंडग्रेन पहिल्यांदा आली तेव्हा लाईलनं नियमाप्रमाणे गाडीचं लायसन्स मागितलं. एवढंसं कार्ड, पण वाचायला त्याला बराच वेळ लागला. चष्मा पुसून त्यानं ते पुन्हा वाचलं.

त्याच्या सोबत काम करणाऱ्या डुएनला थट्टेला तेवढं पुरलं. पुढच्या बुधवारी लाईल दाढी कोरून, इस्त्रीचा शर्ट घालून आला, तेव्हा तर डुएनची चंगळच झाली.

"एकसष्टाव्या वर्षी?" डुएन म्हणाला. "अरे, तिशीतली आहे ती."

"तू काडतुसांचे खोके लाव," लाईल म्हणाला.

पिस्तूल कशाला हवं, हे तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "सप्टेंबरमध्ये आई गेली. घरात आम्ही दोघीच होतो. आता खडीच्या रस्त्याच्या टोकाला मी एकटी. गेल्या आठवड्यात कुणीतरी कोठाराचं कुलूप तोडलं."

लाईल काउंटरची काच पुसत होता. काच स्वच्छ झाली तरी पुसत राहिला.

"फार त्रास झाला का त्यांना?"

दुकानदार असं विचारत नाहीत. टेसानं त्याच्याकडे पाहिलं. "शेवटी नाही झाला," ती म्हणाली.

मग त्यानं तीन पिस्तुलं मांडली होती. तिन्हींना बाहेर घोडा नाही. ठोकणारी पिन आत, स्प्रिंगवर. त्यामुळे पहिल्या गोळीपासून शेवटच्या गोळीपर्यंत चाप एकसारखाच लागतो. फरक चापाच्या स्वभावात. एकाचा ओल्या स्पंजसारखा दबत जायचा आणि नेमका कधी सुटेल ते कळायचं नाही. दुसऱ्याचा वाळक्या काटकीसारखा कट्‌कन मोडायचा, पण मूठ रुंद. तिसऱ्याची मूठ चांगली, पण मॅगझिन सोडायचं बटण तिच्या अंगठ्याला पोचेना. टेसा एक खोट काढायची, लाईल दोन काढायचा. दुकानातल्या मालाला त्यानं नावं ठेवलेली डुएननं आजवर ऐकली नव्हती.

"लोक लग्न ठरवायला एवढा वेळ लावत नाहीत," डुएन एकदा तिला म्हणाला.

"म्हणून तर मोडतात," टेसा म्हणाली. लाईल हसला नाही.

मागच्या खोलीत तो तिच्या बाजूला उभा राहायचा. "दोन्ही अंगठे पुढं बघू देत. नजर नळीच्या टोकावरच्या माशीवर. आता श्वास सोड आणि हळू ओढ." मग एकदम सावरून म्हणाला, "ओढा."

"ओढच म्हणा," ती हसली. "मला चालेल."

ती गोळ्या भरता भरता म्हणाली, "तुम्ही रागावत नाही. घरच्यांनाही असंच शिकवलंत?"

"घरी कुणी नव्हतं शिकायला," लाईल म्हणाला आणि निशाण्याचा नवा कागद लावायला वळला.

चौथ्या बुधवारी ती आली ती कोट न काढताच काउंटरशी उभी राहिली. ती कामावर असताना कुणीतरी स्वयंपाकघराच्या दाराची काच फोडून आत शिरलं होतं. नेलं काही नाही. तिच्या खुर्चीत बसून कॉफी पिऊन गेलं होतं.

लाईलनं चटईवरची तिन्ही पिस्तुलं उचलून ठेवली. खालचं कपाट उघडून चौथं काढलं, मुठीमागची पट्टी बदलून सगळ्यात लहान बसवली आणि पिस्तूल तिच्या हातात दिलं. पहिल्याच दिवशी तिचा पंजा बघून त्यानं ते बाजूला काढून ठेवलं होतं.

तिनं दहा गोळ्या झाडल्या. दहाही तळहाताएवढ्या जागेत बसल्या.

"हे आधी का नाही दाखवलंत?"

"आलं नव्हतं," तो खोटं बोलला.

तिनं सरकारी फॉर्म भरला. लाईलनं फोनवर चौकशी केली, मंजुरी मिळाली. "कुलुपाच्या पेटीत ठेव," तो म्हणाला. "ते दार आजच बदल. सळई लागेल आडवी, चार बोटं जाड चौकटीत..." मी येऊन बसवतो, हे ओठांपर्यंत आलं. "सुतार बोलव," तो म्हणाला.

"आता बुधवारी मी काय करू?" तिनं हसत हात पुढं केला. "सरावाला येईन."

लाईलनं तो हात जरा जास्तच वेळ धरून ठेवला. "इथं यायला तुला ऐंशी मैल पडतात. तुमच्या तालुक्यात चांगलं मैदान आहे. तिकडं जात जा."

तिचा चेहरा थोडा उतरला. मान हलवून ती गेली.

तिची गाडी हायवेला लागेपर्यंत तो काचेशी उभा होता. डुएननं कॉफीचा पेला आणून त्याच्या हातात दिला. या वेळी त्याच्या आवाजात थट्टा नव्हती.

"फोन नंबर तरी मागायचास, लाईल. फार तर नाही म्हणाली असती."

"तिच्या आईला शब्द दिला होता, पुन्हा तोंड दाखवणार नाही म्हणून," लाईल म्हणाला. "तेव्हा ही तीन वर्षांची होती."