काकांसाठी पेटी

हे लिहिणारच नव्हतो, इतका दमलोय. मी छुप्या कुलपाच्या लाकडी पेट्या बनवतो. शिकवलं कुणी नाही, मोडून मोडून शिकलो. नवी पेटी झाली की पहिल्यांदा मित्राच्या वडिलांच्या हातात द्यायची, हे ठरलेलं. काका ती बोलता बोलता उघडायचे आणि म्हणायचे, "पोरखेळ!" मग त्यांचे हात थरथरायला लागले. आधी पेट्या सुटल्या, मग चमचाही. आता मित्रच भरवतो. तोही पार पिचलाय.

या पेटीने माझा जीव काढला. किती लाकूड वाया गेलं, विचारू नका. आज घेऊन गेलो. आधी मित्राने दाबली, फिरवली, आपटायचीच काय ती बाकी ठेवली. उघडेना.

"आण इकडे, ठोंब्या," काका म्हणाले. मांडीवर घेऊन त्यांनी ती दोन्ही हातांत धरली. आत टिकटिक झाली आणि झाकण सरकलं.

"पोरखेळ!" म्हणाले, आणि समोरच्या ताटातला चमचा स्वतःच उचलला. निम्मं सांडलं, पण कुणाला हात लावू दिला नाही.

जिन्यात मित्राने मला गाठलं. "खरं सांग, मला का नाही उघडली?"

"तुझे हात स्थिर आहेत. आतल्या खिट्ट्या बारीक थरथरीनेच खाली पडतात."

तो कठड्याला टेकला. मग म्हणाला, "त्यांना कळू देऊ नकोस. आणि थरथर वाढली तर?"

"तर त्या थरथरीची नवी पेटी करीन. शब्द देतो."