घाटात बॉनेट उघडं दिसलं तर

"वहिनी, रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतू नका, क्षार धरतात," असं हणमंत मेस्त्रींनी मला वर्षभरापूर्वी बजावलं होतं. मी हसण्यावारी नेलं. तान्ह्या लेकीचं पाणी दोनदा उकळून गाळत होते. त्यात पिकअपचे लाड कधी करणार? रोज सकाळी बोअरचीच बादली ओतत राहिले.

गेल्या महिन्यात ढोबळी मिरची भरलेली पिकअप भर घाटात उकळली. झाकण उघडताना ह्यांचा हात वाफेनं भाजला. मेस्त्रींनी जुना रेडिएटर कापून दाखवला, तर नळ्या पांढऱ्या क्षारानं बुजलेल्या. ह्यांनी मात्र दोष दिला तो घाटाच्या चढाला. तेच जास्त लागलं.

आज मोठा, जाड जाळीचा रेडिएटर बसवून हे पहिल्यांदाच पुन्हा घाटाकडे निघाले. मी कूलंटचा जादा डबा दिला, तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवा म्हटलं, वर पोचल्यावर फोन करा म्हटलं. मग परत तेच सगळं सांगितलं.

"लेकीला थर्मामीटर लावून झाला असेल, तर गाडीलाही लाव," हे हसले. "काटा तुझाच वर गेलाय!"

अजून फोन नाही. घाटात रेंज नसते, हे मला ठाऊक आहे. तरी तुम्ही त्या वाटेनं जाणार असाल आणि वरच्या वळणावर बॉनेट उघडलेली पांढरी पिकअप दिसली, तर थांबून ह्यांची चौकशी करा. बॉनेट बंद असलं तरी करा. फक्त मी सांगितलंय, हे सांगू नका.