पाठ ताठ, खांदे सैल

"खांदे, मामा, खांदे," कामिनी मॅडम पुन्हा म्हणाल्या, आणि शालिकराममामांनी खांदे आणखीच वर चढवले.

नागपुरात सीताबर्डीतल्या एका साड्यांच्या दुकानावरच्या मजल्यावर हा नाचाचा क्लास. एका भिंतीला आरसा, कोपऱ्यात स्पीकर, आणि त्याच्या शेजारी मामांनी काटोलहून एसटीने आणलेली संत्र्यांची पिशवी. वैभवीला आरशात मामा दिसत होते. हात लांब ताणलेले, मान खाली, नजर फरशीवर. काठोकाठ भरलेली परात घेऊन भर पंगतीतून चालावं, तसं त्यांनी तिला धरलं होतं.

गंमत अशी, की मामांना नाच येत नव्हता असं नाही. वॉल्ट्झचं ते एक-दोन-तीन त्यांनी बागेत संत्र्याच्या दोन ओळींमधून चालून चालून अंगात मुरवलं होतं. ते पाहून मामी हसून हसून बेजार झाली होती. 'पाठ ताठ, खांदे सैल' हा मॅडमचा मंत्र. मघाशी मॅडमसोबत मामा त्या मंत्राबरहुकूम झोकात फिरले होते. पण वैभवीची पाळी आली, की ते आधी कोपऱ्यात जायचे, नवे कोरे बूट काढून ठेवायचे आणि नुसत्या मोज्यांवर येऊन उभे राहायचे. मोजे घसरतात, असं मॅडमनी समजावून सांगितलं, रागावूनही पाहिलं. मामा हो हो म्हणायचे आणि बूट काढायचे. मग चालत्याबोलत्या माणसाचा खांब व्हायचा.

ही सगळी हौस वैभवीची. एका मैत्रिणीच्या रिसेप्शनला तिने बाप-लेकीचा नाच पाहिला होता आणि हात धुण्याचं निमित्त करून ती बाहेर जाऊन रडली होती. तिचे वडील ती चालायला लागण्याआधीच गेले. आई तिला घेऊन काटोलला भावाकडे आली ती तिथलीच झाली. शाळा, सायकल, नागपूरचं कॉलेज, सगळं मामांनीच पाहिलं. लग्न ठरलं तेव्हा तिने भीत भीत नाचाचं विचारलं, तर मामांनी दुसऱ्याच दिवशी बुटाचं दुकान गाठलं. मग तिलाही जोर चढला. माइकवर 'बाप-लेकीचा डान्स' असंच पुकारायचं, हे तिने हॉलवाल्यांना सांगूनसुद्धा टाकलं.

आणि आता हे असं. रिसेप्शन येत्या रविवारी. मामांनी आपल्याला वाढवलं खरं, पण बापाच्या जागी उभं राहणं त्यांना जड जातंय, एवढंच तिला त्या आरशात दिसत होतं. तिला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. ती थांबली.

"मामा, तुम्हाले हे कराचं नसन तं सांगून द्या. मी रागावणार नाही."

रागावलेली तर ती होतीच.

"करून तं राहिलो, बाई," मामा पडेल आवाजात म्हणाले. मग तिच्या चेहऱ्याकडे पाहून ते मुकाट्याने कोपऱ्यात गेले आणि बूट घालून आले. मॅडमनी गाणं लावलं. मामांनी मोठ्या मुश्किलीने मान वर केली. एक-दोन-तीन. हळूहळू खांदे उतरले, हातांचा ताण गेला, आणि दोघं चक्क फिरायला लागले. वैभवीला हसू फुटलं. तेवढ्यात मामांचा बूट तिच्या बोटांवर पडला.

लागलं काहीच नाही. पण मामांनी हात सोडले. गाणं चालू असताना, भर क्लासमध्ये ते खाली वाकले आणि तिच्या पायांना हात लावून तो त्यांनी कपाळाला टेकवला.

वैभवी सवयीने मागे सरली. विदर्भात मामा भाचीच्या पाया पडतो, मग ती पाळण्यातली का असेना. दर दिवाळीला, दर वेळी नागपूरची बस पकडताना मामा वाकायचे आणि ती लाजून मागे व्हायची, राहू द्या म्हणायची. इतकं नेहमीचं होतं, की तिने त्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

"म्हणून बूट काढता काय तुम्ही?" तिने विचारलं.

मामा अजून खालीच होते. "बापाचा पाय लागला तं चालते वं. मामाचा नाही चालत. ज्या पायाच्या पाया पडतो, त्याच पायावर बूट कसा देऊ मी?"

वैभवीला स्वतःची लाज वाटली. आपल्याकडे काय नाही, याचंच दुःख ती इतके दिवस उगाळत बसली होती. जे होतं ते तर आत्ता तिच्या पायाशी वाकलेलं होतं.

"मंग एकदाच पडून घ्या, मामा," ती म्हणाली. "पुऱ्या नाचाचं. जितक्यांदा लागन तितक्याचं आताच."

तिने दोन्ही पाय जुळवले आणि ती उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा ती मागे सरली नाही. मामांनी सावकाश, मनासारखा नमस्कार केला. ते उठले तेव्हा त्यांचे खांदे जिथे असायला हवे होते तिथे होते.

मॅडम पुण्याच्या. त्यांना यातलं अक्षरही कळलं नाही. त्यांनी गाणं थांबवलं आणि नाच कुठून धरायचा ते विचारलं.

"इथूनच, मॅडम," वैभवी डोळे पुसत म्हणाली. "आधी मामा पाया पडतीन, मंग एक-दोन-तीन. अन् माइकवर आता बाप-लेक नाही म्हणाचं. मामा-भाची म्हणाचं."