काळा दोरा बांधलेली बरणी

डॉक्टरांनी तात्यासाहेबांचं मीठ बंद केलं, तेव्हापासून आवडाबाई दर रविवारी बदाम आणि शेंगदाणे दोनदा भाजायच्या. एकदा तिखट-मीठ लावून, एकदा नुसतं तिखट आणि आमचूर. अळणी बरणीच्या गळ्याला त्यांनी काळा दोरा बांधला होता. ती बरणी गुरुवारपर्यंत साफ व्हायची, तरी नवऱ्याचं बीपी तसूभर उतरेना. आवडाबाईंचं डोकंच चालेना.

"खरं सांगा, दोऱ्याच्याच बरणीतलं खाता ना?"

"नाय गं," तात्यासाहेब ओशाळले. "लई बेचव लागतंय ते. मी दुसऱ्या बरणीतलं खातो."

"मग ही कोण संपवतंय? घरात खाणारं दुसरं हाय तरी कोण?"

"मी, आई." ओट्यापाशी पोळ्या लाटणारी सून, तनुजा, म्हणाली. "बाबांना दवाखान्यात दाखवायला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी माझंही बीपी मोजलं. मलाही मीठ बंद केलंय."

"अगं, मग त्याच दिवशी सांगायचं नाय का?"

"दारातच तुम्ही विचारलंत, 'ह्यांचं किती निघालं?' मी तेवढंच सांगितलं. आणि तुम्ही लगेच दाणे भाजायला घेतले."