दोन वह्या शेजारी

"एका बाटलीत अँटिऑक्सिडंटचं खरं औषध आहे, दुसरीत नुसती पिठाची पूड. कोणाला काय मिळालंय ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही," नर्सबाई म्हणाल्या. "गुण यायला दोन-तीन महिने लागतील. कोणत्या नंबरावर काय ते बंद पाकिटात आहे, वर्ष संपलं की ते उघडायचं. तोवर तर्क लढवायचे नाहीत."

घड्याळजींनी शहाण्यासारखी मान डोलावली. शेजारी त्यांची मुलगी पाय पोटाशी घेऊन बसली होती. स्वादुपिंडाची जुनाट सूज दोघांनाही होती. वडिलांचं स्वादुपिंड वीस वर्षांत सुकून कडक झालं होतं. मुलीचं आत्ता कुठे सुरू होत होतं. हे दुखणं आपल्याकडूनच तिच्याकडे गेलं, हे शल्य त्यांना उठता-बसता टोचायचं. तिचं तरी वेळेत थांबावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

रोज वहीत दुखण्याचा आकडा लिहायचा होता, शून्य ते दहा. पहिल्या महिन्यात घड्याळजींचा आकडा सातावरून तीनावर आला. मुलीचा मात्र सातावरच ठाण मांडून बसला.

घड्याळजींनी दोन्ही वह्या कामाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी दुसरं केलं काय? दोन घड्याळं शेजारी ठेवायची, कोणतं मागे पडतंय ते बघायचं. इथे तर आंधळ्यालाही दिसलं असतं. खरं औषध म्हाताऱ्याला आणि पूड पोरीला! असला न्याय त्यांना मुळीच मान्य नव्हता.

मुलगी शाळेत शिकवायला गेल्यावर त्यांनी दोन्ही बाटल्या रिकाम्या केल्या आणि इकडच्या कॅप्सूल तिकडे भरल्या. पुढे दर महिन्याला नव्या बाटल्या आल्या की हेच. नर्सबाईंना फसवल्याचं थोडं वाईट वाटलं, पण थोडंच.

चार दिवसांत त्यांचं दुखणं परत आलं. पोटाशी उशी आवळून ते स्वतःशीच म्हणायचे, नेम बरोबर लागला. वहीत मात्र तीनच लिहायचे. उगाच संशय नको.

"आज किती गं?" संध्याकाळी ती चपला काढायच्या आत ते विचारायचे.

"पाच, बाबा."

काही आठवड्यांनी चार. मग दोन.

"मग पोटभर जेव की!"

"शाळेत खाल्लंय, बाबा. तुम्ही जेवा."

दोन ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी घड्याळजी दुकानात शीळ घालत बसले. गिऱ्हाइकं चकित झाली. इतका आनंद त्यांना कैक वर्षांत झाला नव्हता.

वर्ष संपलं. डॉक्टर मुलीचं स्कॅन बराच वेळ बघत राहिले.

"वहीत दोन, आणि इथे हे? स्वादुपिंड भलतंच कडक झालंय. वजनही सात किलो उतरलंय."

मुलीने मान खाली घातली. "आकडे खोटे आहेत, डॉक्टर. दुखणं कधी कमी झालंच नाही, उलट वाढत गेलं. पण बाबा रोज इतक्या आशेने विचारायचे... माझ्या तोंडून सात निघेचना."

तिच्या पाठीवर हात ठेवून घड्याळजी कसंबसं म्हणाले, "म्हणजे त्या औषधातच काही राम नव्हता."

"थांबा, घाई नको." डॉक्टरांनी पाकीट फोडलं आणि आतला कागद वाचला. "पूड तुमच्या नंबरावर होती. खरं औषध पहिल्या दिवसापासून हिच्याच बाटलीत येत होतं."