जगदेवीची जन्मतारीख

जगदेवीचं पत्र जूनमध्ये आलं होतं. हणमंतराव गुरुजींनी ते दोनदा वाचलं, शब्दकोशात ठेवलं आणि उत्तर दिलं नाही.

पत्राच्या माथ्यावर छापलेलं होतं, ‘डॉ. जगदेवी’. गुरुजींनी आत एखादी शुद्धलेखनाची चूक शोधून पाहिली होती. सापडली नव्हती.

‘गुरुजी, एक जूनला इथं नांदेडच्या दवाखान्यात सगळ्यांनी माझा वाढदिवस केला. आमच्यातले सहा जण एक जूनचेच निघाले, हसून पुरेवाट झाली. आई म्हणायची, तुझा खरा दिवस मी फक्त गुरुजींना सांगितलाय. तिला तारीख सांगता येत नव्हती. आता ती नाही. तुम्हाला आठवतं का?’

आठवत होतं. शाळेत खिचडी शिजवणारी सिद्धम्मा पोरीला पहिलीत घालायला आली तेव्हा म्हणाली होती, “तुमच्या सत्यमचे पेढे वाटले ना गुरुजी, त्याच दिवशी सांजच्याला झाली ही.” रजिस्टरात वरच्याच ओळीत गुरुजींच्या मुलाचं, सत्यमचं नाव होतं. आठ ऑगस्ट. तीच तारीख खिचडीवालीच्या पोरीपुढं लिहायला गुरुजींचा हात वळेना. तारीख माहीत नसलेल्या पोरांना ते जी लावत, तीच त्यांनी लावली. एक जून.

आता खरं कळवायचं म्हणजे दोघं एकाच दिवशी जन्मली, एकाच वर्गात बसली, हे स्वतःच्या हातानं लिहायचं. एक नांदेडात लेकरं तपासते. दुसरा डॉक्टरकीच्या प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा तीनदा देऊन लातूरच्या एका क्लासमध्ये लोकांच्या पोरांचे प्रवेश अर्ज भरून घेतो.

सहा ऑगस्टला सकाळी सत्यम सुट्टी काढून अहमदपूरला घरी आला. त्याच्या आईनं, तारामतीबाईंनी, शब्दकोशातून पत्र काढून त्याच्या हातात दिलं. “दोन महिने झाले, दडवून ठेवलंय तुझ्या अण्णांनी.”

सत्यम वाचता वाचता हसायला लागला. “जगी? माझी गणितं करून द्यायची ती! लई मोठी झाली की.” मग त्यानं विचारलं, “अण्णा, आठवतंय का तिचा दिवस?”

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. “तुझाच दिवस हाय.”

“आं? म्हणजे परवा? मग कळवलं का न्हाई?”

“तुला वाईट वाटंल म्हणून.”

सत्यमनं पत्राची घडी घातली. “मला न्हाई वाटत, अण्णा. तुम्हालाच वाटायलंय.”

“फोन कर की तिला,” तारामतीबाई म्हणाल्या.

“नको,” गुरुजी म्हणाले. “मी लिहितो.”

तीन कागद फाडले. चौथ्यावर दोनच ओळी उरल्या. दुपारी ते स्वतः टपाल कार्यालयात गेले. खिडकीत शेषेराव होता, त्यांचाच जुना विद्यार्थी.

“साधं टाकलं तर चार दिवस लागतील, गुरुजी. स्पीड पोस्टनं परवापर्यंत पोचंल.”

“स्पीडनं टाक. परवा पोचलंच पाहिजे.”

“एवढं काय हाय आत?”

“तारीख हाय,” गुरुजी म्हणाले.

शेषेरावनं पाकीट काट्यावर ठेवलं. काटा जेमतेम हलला.

“दहा ग्रॅमसुद्धा न्हाई, गुरुजी,” तो म्हणाला आणि त्यानं शिक्का मारला.