वाकडी कड

“गोधडीची कड राहिलीय, ती दोघी मिळून लावा,” असं आईनं शेवटी सांगितलं होतं आणि लेकींनी मान डोलावली होती. पण आईमागे गोधडीवरूनच बिनसलं आणि ताईनं ती कापून अर्धी धाकटीकडे पाठवली. धाकटीनं पट्टी जोडायला कड मशीनच्या सुईखाली सरकवली, तर ती वाकडी! ताईची कात्री कधीच रेघ सोडत नसे. “मुद्दाम केलंय. मोठा वाटा लाटलाय तिनं,” ती फणकारली. “मग टेप घेऊन जा मोजायला,” नवरा हसला. “जाईनच!” म्हणत तिनं गोधडी जमिनीवर पसरली. कापलेली कड आईच्या निळ्या शालीच्या तुकड्याला वळसा घालून पुन्हा सरळ झाली होती. अख्खा तुकडा धाकटीच्या वाट्याला आला होता. तिनं पट्टी पिशवीत घातली, गोधडी काखेत मारली. “अगं, टेप राहिली!” “राहू दे,” म्हणत ती ताईच्या घराकडे निघाली.